वास होता तोवर

नांदगावला बर्फ रेल्वेनं यायचा. आमच्या घरातल्या जुन्या माणसांच्या गोष्टी बहुतेक इथूनच सुरू होत, कारण त्या काळी गावात गार म्हणावं असं माठाखेरीज दुसरं काही नव्हतं. शाकंबरी आणि लेंडी या गावातल्या दोन नद्या पावसाळ्यात घरांत शिरतील इतक्या फुगतात आणि उन्हाळ्यात माणसं त्यांच्या पात्रातून चपला न भिजवता चालत जातात. वैशाखात पारा चाळिशी ओलांडून बसतो. अशा दिवसांत मनमाडकडून येणाऱ्या पॅसेंजरच्या ब्रेकव्हॅनमधून भुशात घोळलेली, गोणपाटात गुंडाळलेली लादी फलाटावर उतरायची आणि हातगाडीवरून गावात जायची. लग्नातल्या सरबतासाठी, तापानं बरळणाऱ्या माणसाच्या कपाळासाठी, नाहीतर मुंबईचा मुलगा येईपर्यंत मयत ठेवावं लागलं तर त्यासाठी. आजी सांगायची, लादी उतरली की फलाटावरची पोरं सांडलेले तुकडे वेचायला धावत आणि कुणीतरी मोठं माणूस हमखास ओरडे, "तोंडात घाल, मुठीत धरू नको."

मुठीत धरू नको. थंडीही जाळते, ही गोष्ट आमच्या घरातल्या पोरांना या तीन शब्दांत सांगितली जायची, आणि त्यामागं एक कहाणी होती.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत वेरूळची लेणी पाहायला येणारा प्रवासी नांदगावच्या स्टेशनावर उतरत असे. इंग्रजी प्रवासपुस्तकांत वेरूळसाठीचं स्टेशन म्हणून नांदगावचंच नाव असायचं; इथून पुढं टांगा. विसाव्या शतकाच्या तोंडावर मनमाडहून औरंगाबादकडे मीटरगेज गेली आणि ती वर्दळ मनमाडला सरकली. त्या टांग्यांच्या दिवसांतली कहाणी पणजोबा त्यांच्या वडिलांच्या तोंडची म्हणून सांगत. एका साहेबाच्या खोक्यात बर्फ होता. टांगेवाल्याच्या पोरानं खडा उचलला, खेळ म्हणून मिठाच्या पुडीत दाबला आणि सोबतच्या पोरांशी पैज लावून तळहातावर धरून ठेवला. पैज जिंकला. हात उघडला तेव्हा तळव्यावर पांढरा डाग होता, आणि दुसऱ्या दिवशी तिथं भाजल्यासारखा फोड आला. पणजोबांच्या गोष्टीत याला कुणाची तरी हाय लागल्याचं कारण असायचं. खरं कारण मिठाचं. बर्फात मीठ मिसळलं की त्याचं तापमान शून्याखाली घसरतं, मिश्रण नीट जमलं तर उणे एकवीसपर्यंत. कुल्फीवाला याच युक्तीवर पोट भरत आला आहे.

तो बर्फ साहेबाला कुठून मिळाला असेल, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. १८३३ साली 'टस्कनी' नावाचं जहाज अमेरिकेतल्या बोस्टनहून तळ्यांवरचा कापलेला बर्फ भरून निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं. निम्म्याहून अधिक बर्फ तोवर शाबूत होता. पुढच्याच वर्षी असा बर्फ मुंबईतही उतरला. ती आयात चाळीसेक वर्षं चालली. मग जर्मनीत कार्ल फॉन लिंडे यांनी १८७६च्या सुमारास अमोनियावर चालणारं यंत्र बसवलं, १८७८ साली कलकत्त्यात बेंगॉल आइस कंपनी निघाली, आणि परदेशी बर्फाला गिऱ्हाईक उरलं नाही. मुंबईहून रेल्वेनं जो बर्फ आत आत जाऊ लागला तो यंत्राचा. आगगाडीतले वरच्या वर्गाचे प्रवासी उन्हाळ्यात जस्ती टबात लादी ठेवून वर पंखा सोडत. १९३४ साली फ्रंटियर मेलला बर्फानं गार होणारे डबे लागले. आमच्या रुळांवरून जाणाऱ्या पंजाब मेलला वातानुकूलित डबे लागले ते १९४५ साली.

आण्णा, म्हणजे आईचे वडील, ही लादी जिथं तयार होते तिथंच कामाला होते. मनमाडकडचा एक बर्फाचा कारखाना, नांदगावहून रेल्वेनं पंचवीसेक किलोमीटर. पहाटेच्या गाडीनं जायचे, रात्रपाळी असली तर दुसऱ्या दिवशी दुपारी परतायचे. त्यांच्या अंगाला, कपड्यांना, जेवणाच्या डब्याच्या फडक्यालासुद्धा अमोनियाचा वास असायचा. आईला तो वास वडिलांचा वाटायचा. अजूनही केस रंगवायच्या डबीचं झाकण उघडलं की ती क्षणभर थांबते.

आण्णांनी कारखाना असा काही सांगितला होता की न पाहताही मला त्यातून चालता येतं. मधोमध जमिनीत बसवलेली मोठी टाकी, तिच्यात मिठाचं पाणी. त्या पाण्यात गोड्या पाण्याचे लांबट डबे ओळीनं सोडलेले, वर लाकडी फळ्या. टाकीतून अमोनियाच्या नळ्यांची वेटोळी फिरवलेली. अमोनिया उणे तेहतीस अंशांना उकळतो. नळीच्या आत तो उकळत राहतो आणि उकळायला लागणारी उष्णता भोवतीच्या पाण्यातून ओढतो. पाण्यात मीठ असल्यानं ते उणे आठ-दहा अंशांवर जाऊनही वाहतं राहतं आणि डब्यातलं गोडं पाणी मात्र गोठतं, कडेपासून आत, दीड-दोन दिवसांत. वाफ झालेला अमोनिया कॉम्प्रेसर परत दाबतो, बाहेरच्या नळ्यांवर पाणी सोडून त्याचा द्रव करतात, आणि तोच अमोनिया पुन्हा फेरीला निघतो. आण्णा म्हणायचे, "माल एकच, तोच फिरतो. म्हणून तो बाहेर पडला की समजायचं, कुणाचं तरी चुकलं."

चुकायची जागा ठरलेली होती. कॉम्प्रेसरला घातलेलं तेल थोडं थोडं अमोनियाबरोबर पुढं जातं, आणि द्रव अमोनियापेक्षा जड असल्यानं नळ्यांच्या खालच्या टोकाला साठत जातं. फार साठलं की गारवा कमी पडतो, म्हणून ते अधूनमधून काढावं लागतं. तळाशी एक व्हॉल्व्ह, खाली बादली. थंडीनं तेल घट्ट झालेलं असतं, त्यामुळं व्हॉल्व्ह उघडला तरी सुरुवातीला काही येत नाही. माणूस आणखी उघडतो. तरी येत नाही. तो आणखी फिरवतो, आणि मग तेलाची गुठळी एकदम सुटते आणि तिच्यामागं द्रव अमोनिया येतो. जगभरच्या अमोनियाच्या कारखान्यांत तेल काढण्याचं काम सर्वांत धोक्याच्या कामांत धरलं जातं ते या एका क्षणापायी. आता अशा जागी हात सोडला की आपोआप मिटणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह बसवतात. आण्णांच्या काळात तिथं साधं चाक होतं आणि ते मिटवायला दोन-तीन फेरे लागत.

त्यांच्या जोडीदाराचा उजवा हात असाच सापडला. कोपरापर्यंत. सदऱ्याची बाही आखडून कातडीला चिकटली. तो माणूस ओरडलाच नाही, असं आण्णा सांगत. डोळे फाडून आपल्या हाताकडं पाहत उभा राहिला. धावत आलेल्या एका मजुरानं बाही ओढून काढायला हात घातला तर मिस्त्रीनं त्याला ढकलून दिलं, आणि जोडीदाराला कमरेला धरून बाहेर नेऊन नळ्यांवरून पाणी पडायचं त्या हौदात बसवलं. कपड्यांसकट. बाही सैल होऊन पाण्यात तरंगायला लागेपर्यंत उठू दिलं नाही, आणि त्यानंतरही कितीतरी वेळ नाही. मिस्त्री शाळा न शिकलेला होता, पण त्यानं केलं ते आजही बरोबर ठरतं. द्रव अमोनियाची इजा दुहेरी असते. एक थंडीची, आणि दुसरी त्याच्या क्षाराची. तो कातडीतल्या ओलाव्यात विरघळून आत आत खात जातो. त्यावर भरपूर आणि बराच वेळ पाणी, एवढाच इलाज हाताशी असतो. चिकटलेला कपडा कोरडाच ओढला तर कातडी त्याच्याबरोबर येते. जोडीदाराचा हात राहिला. मनगट पुरतं वळत नसे, तरी तो पुढं कितीतरी वर्षं लाद्या मोजायच्या कामावर होता.

आण्णांच्या गोष्टींत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते वासाचं प्रकरण. हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे थोडेसे भाग मिसळले तरी माणसाच्या नाकाला ते कळतं. जिवाला धोका व्हायच्या कितीतरी आधी माणूस खोकत बाहेर पळालेला असतो. त्या वासावर कारखान्याचं सगळं शिस्तपालन उभं होतं. वास आला की आधी वारा बघायचा आणि वाऱ्याच्या तोंडाकडं जायचं. खांद्यावर पंचा कायम, आणि जवळ पाण्याची बादली; ओला पंचा नाकातोंडावर बांधला की पाणी अमोनियाला शोषून घेतं. पाण्याला अमोनियाचं वेड आहे, आपल्या आकाराच्या सुमारे सातशेपट वायू ते पोटात घेतं. गळती बारीक असली, नेमकी कुठं ते समजत नसलं, तर गंधकाची काडी पेटवून सांध्यासांध्यापाशी फिरवायची. जिथं दाट पांढरा धूर उठला तिथं गळती. नव्या पोराला महिनाभर तरी व्हॉल्व्हला हात लावू देत नसत. आधी वास घ्यायला शिक, मग हात लाव, असा मिस्त्रीचा नियम. भीती आणि सवय या दोन्ही गोष्टी नाकातून आत जायच्या.

मग बिनवासाचा गॅस आला.

त्याची जन्मकथा नांदगावहून फार दूरची आहे. १९२०च्या दशकात युरोप-अमेरिकेत घरगुती फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे विषारी वायू असत आणि ते फुटून घरांत माणसं मरत. तेव्हा थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जळत नाही, विषारी नाही, वास जवळजवळ नाही असा वायू तयार केला. १९३० साली अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजलीनं तो छातीत भरून घेतला आणि फुंकरीनं मेणबत्ती विझवली. विषारी नाही आणि पेटत नाही, दोन्ही एका दमात सिद्ध. फ्रिऑन या नावानं तो जगभर गेला. या वायूनं अनेक जीव वाचवले हे मान्यच करायला हवं. पण तो द्रवरूपात बाहेर पडला तर उणे तीस अंशांना उकळतो, अमोनियापेक्षा जेमतेम तीन-साडेतीन अंश वर. मेणबत्तीच्या त्या प्रयोगातून हाताबद्दल काहीच शिकायला मिळत नव्हतं.

भारतात गोदरेजनं १९५८ साली फ्रिज बनवायला सुरुवात केली. नांदगावात ते हळूहळू आले. आधी डॉक्टरांकडं, मग व्यापाऱ्यांकडं, मग नोकरदारांकडं. मामानं नाशकात काम शिकून गावात फ्रिज दुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हा आण्णा निवृत्त झालेले होते. दुपारचे ते दुकानात जाऊन बसत. आई सांगते, पहिल्यांदा मामा गॅस भरत असताना आण्णा उठून सिलिंडरजवळ गेले, वाकले, आणि वास घेऊन म्हणाले, "याला वास नाही?"

"नाही, आण्णा. काही होत नाही यानं."

"मग गळालं ते कळतं कसं?"

साबणाचं पाणी लावून कळतं, बुडबुडा येतो, असं मामानं सांगितलं. आण्णांचं समाधान झालं नाही. गळतं ते कळल्यावर साबण लावशील, कळायच्या आधी काय, असं त्यांचं म्हणणं. ते घरी येऊन आजीला म्हणाले की पोरगा उघड्या हातानं काम करून ऱ्हायला. मामाच्या पिढीनं हातमोजे टाकले ते बेफिकिरीनं टाकले असं मला वाटत नाही. त्यांना ज्यांनी शिकवलं त्यांनीच हा गॅस निरुपद्रवी म्हणून शिकवला होता. नाक काही सांगत नव्हतं, मग हातानं कशाला भ्यायचं?

मामाची बोटं गेली ती एका दूध संकलन केंद्रावर. जाणं म्हणजे तुटणं नव्हे. आमच्याकडं कामातून गेलेल्या अवयवालाही गेला म्हणतात. दूध थंड करायच्या टाकीचं यंत्र होतं, आत आर-बावीस नावाचा गॅस. उन्हाळा, बाहेर ऊन मी म्हणतंय, दूध फाटायच्या आत यंत्र चालू करायचं म्हणून सगळे डोक्याशी उभे. गॅस भरून झाला. यंत्र चालू असतानाच मामानं द्रवाच्या बाजूची नळी काढायला घेतली. आटे सुटले, आणि आतली पिन बसायच्या आधीच्या त्या एका क्षणात तेलमिश्रित द्रवाची चिळकांडी डाव्या हाताच्या तीन बोटांवर बसली. हातात त्या दिवशी नेमका सुती मोजा होता. तो प्यायला तो द्रव, आणि बोटांना धरून बसला.

इथं काय घडतं ते नीट सांगायला हवं, कारण ते डोळ्यांना पटत नाही. उन्हात ठेवलेली गॅसची टाकी हाताला गरम लागते. तिच्यातला आर-बावीस द्रव राहिला आहे तो केवळ दाबामुळं; पस्तीस अंशांना तो दाब हवेच्या दाबाच्या तेरापट-साडेतेरापट असतो. बाहेर पडताच दाब जातो, द्रव उकळायला लागतो, आणि त्याचा उकळबिंदू आहे उणे एकेचाळीसच्या जवळ. उकळायला उष्णता लागते. ती जवळात जवळच्या गोष्टीतून घेतली जाते, आणि जवळात जवळ बोट असतं. कातडीच्या पेशींतलं आणि भोवतालचं पाणी गोठून स्फटिक होतं, बारीक रक्तवाहिन्या आखडतात, मज्जातंतू गप्प होतात. बोट पांढरं, मेणासारखं कडक दिसतं आणि दुखत नाही. हे न दुखणं सर्वांत वाईट. विस्तवावर हात पडला तर माणूस झटक्यानं मागं घेतो. इथं मामानं मोजा काढला, बोटं पॅंटला चोळली, आणि उरलेले नट आवळून काम पुरं केलं.

मग तो शेजारच्या चहाच्या टपरीवर गेला आणि बधिर बोटं स्टोवच्या जाळावर धरली. थंडीनं गेलंय तर ऊब द्यावी, हा विचार कुणालाही सुचेल. पण बोटांना जाळ जाणवत नव्हता. थंडीनं जळालेल्या कातडीवर आगीचं भाजणं चढलं. रात्री घरी आला तेव्हा बोटं सुजून जांभळी झाली होती, पाण्यानं भरलेले फोड होते, आणि आता ठणका असा की उभं राहवत नव्हतं. आजीनं तूप आणलं. कुणी टूथपेस्ट म्हणालं.

आमच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार राहत. बर्फाच्या पहाडांवर त्यांची नोकरी झाली होती. आवाज ऐकून ते आले, दिव्याखाली हात पाहिला आणि विचारलं, "शेकलं का?" मामानं मान हलवली. सुभेदारांनी तूप बाजूला ठेवायला लावलं. आमच्या पलटणीत यालाच हिमदंश म्हणतात, म्हणाले. बोट पांढरं दिसलं त्याच वेळी कोमट पाण्यात धरायला हवं होतं, अंगाला सोसेल एवढंच कोमट, दुसऱ्याच्या चांगल्या हातानं तपासून. बधिर हाताला पाणी किती ऊन ते कळत नाही. चोळायचं नाही, शेकायचं नाही. अंगठी असेल तर सूज यायच्या आत काढायची. फोड फोडायचे नाहीत. बोटांच्या मध्ये स्वच्छ फडकं घालून सैल बांधायचं आणि डॉक्टर गाठायचा. एका फौजी माणसामुळं हे ज्ञान सियाचीनच्या बाजूनं आमच्या उन्हाळी गावात आलं, याचं मला अजून नवल वाटतं. तेही फार जुनं नव्हतं. १८१२ सालच्या रशियाच्या मोहिमेत नेपोलियनच्या सैन्याचा शल्यवैद्य लारे यानं पाहिलं होतं की गोठलेले पाय शेकोटीवर धरणारे सैनिक सडून मरतात. शेकायचं नाही, हे त्यानं बरोबर ओळखलं. पण त्यावर बर्फानं चोळायचा उपाय लिहून ठेवला, आणि शंभराहून अधिक वर्षं डॉक्टर गोठलेल्या हातापायांवर बर्फ चोळत राहिले. कोमट पाण्यानं लवकर ऊब आणणं हा उपाय विसाव्या शतकाच्या मध्यावर पक्का झाला. मामानं स्टोवपाशी केलं ते त्या सैनिकांनी केलं होतं तेच.

नखं गळाली, कातडी सोलून निघाली, दीड-दोन महिन्यांत नवी आली. तर्जनीच्या टोकाची जाण परत आली नाही. फ्रिजच्या कामात केसाएवढ्या छिद्राची तांब्याची नळी हातात धरून जोडायची असते. डाव्या हाताला ती लागते की नाही हे मामाला आता बघून ठरवावं लागे. आणि थंडीच्या दिवसांत, निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आल्याच्या बातम्या येतात तेव्हा, तीच तीन बोटं आजही ठणकतात. एकदा गोठलेलं बोट थंडी विसरत नाही, हे वैद्यकही सांगतं.

या इजेची नोंद कुठंही झाली नाही. दवाखान्याच्या कागदावर भाजल्याचं लिहिलं गेलं. नुकसानभरपाईचा कायदा या देशात १ जुलै १९२४ला लागू झाला. त्याच्या परिशिष्टात बोटांच्या पेरांचा हिशेब होता. अख्खी तर्जनी गेली तर कमाईची ताकद चौदा टक्के गेली असं धरत, दोन पेरं गेली तर अकरा, एक गेलं तर नऊ. पेर जागेवर असून त्यातली जाण गेली तर यादीत ओळ नव्हती. डॉक्टरांनी अंदाज करायचा. तोही मालक असेल तर. मामाचा मालक मामाच होता. कारखान्यांचा कायदा, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, अपघाताचं रजिस्टर, हे सगळं आण्णांच्या कारखान्याच्या वाट्याला थोडंफार तरी आलं असेल. खांद्यावर पिशवी टाकून या घरातून त्या घरात जाणाऱ्या मिस्त्रीपर्यंत ते पोचत नाही. आणि गार करायची यंत्रं आता बहुतांशी त्याच्याच हाताखालून जातात.

थंडीशी रोजची गाठ असलेलं आमच्या नात्यात आणखी एक माणूस होतं. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, गुरांच्या कृत्रिम रेतनाचं काम करत. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळी कांचनला बाएफ उभी केली, तिनं आणि सरकारी दवाखान्यांनी हे काम खेडोपाडी नेलं. काकांच्या मोटारसायकलला द्रव नायट्रोजनचं भांडं बांधलेलं असे, आत उणे एकशे शहाण्णव. त्यांच्या हातावर मात्र कधी एक डाग नव्हता. झाकण उघडलं की पांढरं धुकं बाहेर ओसंडे आणि पोरं आपोआप मागं सरत. रेताची नळी चिमट्यानंच काढायची हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. पॅंट नेहमी बुटाच्या बाहेर. आत खोचली आणि द्रव सांडला तर तो बुटात साठतो, पायमोज्यात जिरतो आणि पाय घेऊन जातो. उघड्या कातडीवरून थेंब बहुधा घरंगळून जातो, कापडात जिरलेला जाळतो. मामाच्या सुती मोज्यानं हेच केलं होतं. काकांना कुणीतरी हे शिकवलं होतं, आणि त्यांचा गॅस डोळ्यांना दिसत होता.

आता मामाचा मुलगा दुकान बघतो. एसीचा धंदा वाढला आहे; मार्चपासून गावातली पोरं हाताशी घेऊन तो नाशिक-मालेगावपर्यंत कामं करतो, आणि द्राक्षाच्या हंगामात निफाड-पिंपळगावकडच्या शीतगृहांतूनही बोलावणं येतं, तिथं पुन्हा आण्णांचा अमोनिया भेटतो. दुकानात मात्र गॅस बदलत राहिले. ओझोनचा थर वाचवायला १९८७ साली माँट्रिअलचा करार झाला, भारत त्यात १९९२ साली आला आणि जुना फ्रिऑन गेला. आर-बावीसचीही २०३०ची मुदत ठरली आहे. त्याच्या जागी आर-चारशेदहा आला, मग आर-बत्तीस. हे दोन्ही उणे पन्नासच्याही खाली उकळतात आणि त्यांचा दाब आर-बावीसच्या दीडपटीहून जास्त. आर-चारशेदहा मिश्रण असल्यानं ते टाकी उलटी करून द्रवरूपातच भरावं लागतं. म्हणजे पूर्वी नळीत वाफ असायची तिथं आता द्रव. आर-बत्तीस थोडा पेटतोही. आकाशासाठी हे बदल आवश्यक होते, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण एसीतला प्रत्येक नवा गॅस मागच्यापेक्षा सुरक्षित म्हणून दुकानात आला आणि हाताच्या बाजूनं पाहिलं तर तो मागच्यापेक्षा थंड निघाला. मार्च २०१९च्या भारताच्या शीतकरण आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्र द्यायचं ठरलं. त्या प्रशिक्षणात गळती कशी टाळावी, गॅस परत कसा गोळा करावा हे असतंच. माझी कळकळ एवढीच आहे की बोट पांढरं पडलं तर पुढच्या पाच मिनिटांत काय करायचं, हेही तितक्याच ठळकपणे शिकवलं जावं. हंगामापुरतं काम धरणारं पोरगं आयटीआयत गेलेलं नसतं. ते पाहून शिकतं, आणि बहुधा उघडा हात पाहून शिकतं.

मामा आता सत्तरीकडं झुकला आहे, पण नवा पोरगा आला की पहिले काही दिवस तो मामाच्या ताब्यात असतो. मामा त्याला वास घ्यायला शिकवू शकत नाही, म्हणून नळी काढायला शिकवतो. आधी यंत्र बंद. मग टाकीचा व्हॉल्व्ह बंद. मग गेजवरचा काटा खाली येईपर्यंत थांबायचं, नळीतला द्रव मशीनच्या पोटात जाऊ द्यायचा. नळीच्या टोकाला छोटा बॉल व्हॉल्व्ह बसवलेला आहे, तो मिटवायचा. चामड्याचा मोजा, सुती नाही. डोळ्यावर चष्मा, आणि तोंड नळीच्या रेषेबाहेर. मग एका दमात आटे फिरवायचे, मध्ये थांबायचं नाही. डोळ्यात काही गेलं तर चोळायचं नाही, वीस मिनिटं पाणी. जवळ पाण्याचा कॅन नसेल तर काम सुरूच करायचं नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी दुकानात गेले तेव्हा नायडोंगरीकडचा एक पोरगा जवळजवळ रिकाम्या टाकीवर हेच पुन्हा पुन्हा करत होता. दारात गिऱ्हाईक ताटकळलेलं, मामाचा मुलगा फोनवर पत्ता घेतोय. पोरानं घाईत काटा पाहिला आणि नळीला हात घातला. मामानं स्टुलावरूनच विचारलं, "किती आहे रे काटा?"

"उतरून ऱ्हायला, मामा."

"उतरला का?"

पोरानं हात मागं घेतला आणि गेजकडं बघत उभा राहिला. गिऱ्हाइकाला मामानं बसायला खुर्ची सांगितली.